पोळेवाडीचा थेरबा

घाटातून बैलांचे तांडे जायचे, मीठ वर यायचं आणि धान्य खाली उतरायचं, त्या काळची ही गोष्ट. त्याला वर्षं किती झाली ते विचारू नका. पोळेवाडीत ज्याला विचाराल तो वेगळाच आकडा सांगेल आणि वर शपथही घेईल.

पोळेवाडी हे मध काढणाऱ्यांचं गाव. गावामागे सरळ उभा कडा, आणि कड्याला आग्या माश्यांची पोळी लटकलेली, एकेक पोळं सुपाएवढं. मध काढायचा तर माथ्यावरून दोराला लोंबकळत खाली उतरायचं. आणि वर दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. दुसऱ्या कुणाच्या हाती दोर द्यायचा नाही, अगदी सख्ख्या भावाच्याही नाही. सख्खा भाऊ एखाद्या वेळी जमिनीच्या वाटणीसाठी हात ढिला सोडेल, पण आपल्याच बहिणीचं कुंकू पुसायला कोण धजेल, असा गावाचा साधा विचार होता.

त्या कड्याच्या पोटात एक लेणं होतं. एका पावसाळ्यात वर्षावासासाठी तिथं एक भिक्खू येऊन राहिला. पाऊस संपला तरी तो गेला नाही. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. तांड्यातले लोक त्याला थेर म्हणायचे, म्हणजे वडीलधारा भिक्खू. गावानं आपल्या सवयीप्रमाणे पुढं ‘बा’ जोडला आणि त्याचा थेरबा झाला. हा थेरबा ध्यानाला बसायचा तो नेमका सगळ्यात मोठ्या पोळ्याखाली. असं म्हणतात, माश्या त्याच्या खांद्यांवर उतरायच्या, अंगावरून फिरायच्या आणि न चावता उडून जायच्या.

मध काढणाऱ्यांना वाटलं, ह्याच्याकडं माश्यांचा मंत्र आहे. मंडळी शिधा घेऊन लेण्यात हजर झाली. थेरबानं त्यांना सांगितलं की मंत्र वगैरे काही नाही. श्वास आत येतो तेव्हा येतोय हे जाणायचं, बाहेर जातो तेव्हा जातोय हे जाणायचं.

“एवढंच व्हय?” एक जण म्हणाला. “हे तर आमची म्हस बी करती.”

“करते,” थेरबा हसून म्हणाला, “पण तिला ते कळत नाही. तुला कळतं का?”

तो गडी दिवसभर स्वतःच्याच नाकाकडं लक्ष देत फिरला आणि दोनदा ठेचकाळला. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लेण्यात गेला.

आता सामाचं ऐका. सामा म्हणजे बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. तिचा नवरा सिवल मध काढायचा आणि त्याचा दोर धरायचा सामाचा थोरला भाऊ उसबा. आई लवकर गेली तेव्हा ह्या उसबानंच सामाला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. एका वर्षी सिवल दोरावर असताना माश्या बिथरल्या. धुरामुळे त्या वर उठल्या आणि थेट उसबाच्या तोंडावर बसल्या. उसबानं तोंड झाकायला दोन्ही हात उचलले. तेवढ्यात दोर सुटला आणि सिवल गेला.

सामानं भावाला दार बंद केलं. त्याचं तोंड पाहणार नाही, त्याच्याशी जन्मात बोलणार नाही, असं तिनं साऱ्या गावासमोर सांगितलं. उसबा पाणवठ्यावर दिसला की ती रिकामी घागर घेऊन माघारी फिरायची. तो बिचारा तिच्या अंगणात जळणाची फाटी आणून टाकायचा. ती फाटी तशीच पडून वाळवी लागून जायची. भाऊ जिवंत असून तिला भाऊ नव्हता, आणि ह्या गोष्टीनं ती आतून जळत होती.

एका भर दुपारी तिनं मशाल पेटवली आणि कड्यावरची सगळी पोळी जाळून टाकायला निघाली. लेण्यापाशी पोचली तर पोळ्याखाली थेरबा बसलेला. उठा म्हणून ती ओरडली. थेरबानं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “जाळ, पण आधी जरा बस. तुला दम लागलाय.”

दम लागला होता हे खरंच होतं. सामा मशाल हातात घेऊनच बसली. श्वास आत येतोय की बाहेर जातोय एवढंच तो अधूनमधून विचारायचा आणि ती चिडून उत्तर द्यायची. असं करता करता मशाल विझली. राग मात्र विझला नव्हता, आणि हे तिनं त्याला तोंडावर सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी लेण्यात येऊ लागली. तिचं पाहून बायका धारा काढून झाल्या की येऊ लागल्या, मागोमाग पुरुष आले. निम्मे बसल्या बसल्या घोरायचे, पण यायचे. गावातली भांडणं कमी झाली. तांडेवाले वाट वाकडी करून पोळेवाडीला मुक्काम करू लागले. असं म्हणतात, त्या दिवसांत कड्याखाली आले की त्यांचे बैलसुद्धा घुंगरं न वाजवता चालायचे.

सामाचे केस पिकले. एकदा ती थेरबाला म्हणाली, “एवढी वरसं बसले, पन डोळं मिटलं की अजून दादाच दिसतो. राग काय जात न्हाई.”

“त्याला जा म्हणून कुणी सांगितलं?” थेरबा म्हणाला. “तो आला की आला म्हणून ओळख. मग हात कुठे न्यायचे ते तुझं तू ठरव.”

तिला हे कळलं नाही. ती तणतणत घरी गेली.

आणि एका चैत्री पौर्णिमेच्या सकाळी थेरबा बसल्या जागीच गेला. चेहरा जसाच्या तसा शांत होता. आसपासच्या वाड्या-वस्त्या लोटल्या. कड्याखालच्या घळीत लेकराबाळांसकट माणसं दाटीनं उभी राहिली. चिता तिथंच रचली. आता पोळेवाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की पोळी भरलेली असताना कड्याखाली ओला पाला पेटवायचा नाही. पण प्रत्येकाला वाटलं, लेण्यासमोरच्या ज्या पिंपळाखाली थेरबा शिकवायचा त्याची एक तरी फांदी आपल्या हातानं वाहावी. सामानंही वाहिली. रडणाऱ्या माणसाला ओलं-सुकं कळत नाही.

चिता पेटली. हिरव्या पानांचा दाट धूर कड्याला भिडला आणि वरची सगळी पोळी एकदम सुटली. असं म्हणतात, भर दिवसा सावली पडली आणि शेजारच्या माणसाची हाक ऐकू येईना एवढा घोंघाट झाला. घळीतून बाहेर पडायला एकच अरुंद वाट, आणि तिच्या कडेला खोल दरी. माणसं पळाली असती तर निम्मी चेंगरून मेली असती आणि निम्मी दरीत गेली असती.

सामानं मान वर केली तर समोर चितेपलीकडं उसबा उभा. म्हातारा झालेला, अंगानं वाळलेला. त्याच्या तोंडावर माश्या उतरल्या होत्या, आणि सिवल गेला त्या दिवशी उठले होते तसेच त्याचे दोन्ही हात वर उठत होते. सामाचा राग उसळून आला. आला, म्हणून तिनं त्या रागाला ओळखलं. मग ती चितेला वळसा घालून भावापाशी गेली आणि तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

“दादा,” ती म्हणाली, “आता हात सोडू नगंस. खाली बस, श्वास बघ.”

इतक्या वर्षांनी दादा हा शब्द तिच्या तोंडून निघाला. उसबा मटकन बसला, सामाही बसली. त्यांना बसलेलं पाहून शेजारचे बसले, त्यांनी आपापल्या शेजाऱ्याचे हात धरले, आणि बघता बघता सारी घळ डोळे मिटून खाली बसली. थेरबानं शिकवलेलं त्या वेळी सगळ्यांच्या कामी आलं, घोरणाऱ्यांच्यासुद्धा. माश्या माणसांच्या डोक्यांवर, पाठींवर, तान्ह्या पोरांच्या गालांवर उतरल्या. असं म्हणतात, घोंगडी पांघरावी तशी सगळ्या गावानं माशी पांघरली होती, आणि एकालाही नांगी लागली नाही. धूर ओसरला तशा त्या उठल्या, चितेभोवती तीन फेरे घालून पोळ्यांवर परत गेल्या. उसबाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि हात अजून बहिणीच्या हातांत होते.

थेरबाच्या अस्थी ठेवायच्या कुठे, असा प्रश्न निघाला. सगळ्यात मोठ्या पोळ्याशेजारी कड्यात एक कोनाडा आहे, तिथं ठेवू, असं ठरलं. पण तिथवर उतरणार कोण? सामा म्हणाली की ती उतरेल. कुठलीच बाई दोरावरून कधी उतरली नव्हती. गाव कुजबुजलं, आणि दोर कुणी धरायचा असं म्हाताऱ्यांनी विचारलं.

“माझा भाऊ हाय की,” सामा म्हणाली.

उसबा थकलेला, म्हातारा. दुसरा कुणी दोर धरायला पुढं आला, त्याला सामानं मागं सारलं. उसबानं दोर कंबरेला गुंडाळला, डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला, एवढा मोठा की कड्याच्या काठावर उभ्या सामाला तो स्पष्ट ऐकू आला. तो ऐकून तिनं कड्यावरून पाय सोडले. पदरात अस्थींचं गाडगं बांधून पांढऱ्या केसांची ती बाई माश्यांमधून उतरली, कोनाड्यात गाडगं ठेवलं आणि वर आली. ती वर येताच खालून सगळ्या गावानं जो जयघोष केला, तो घाटाखालच्या गावांनी ऐकला असं म्हणतात.

आजही चैत्री पौर्णिमेला पोळेवाडीची माणसं त्या घळीत जमतात. भाषण नसतं, वाजंत्री नसते. ज्याचा ज्याच्याशी अबोला आहे त्यानं त्याच्यासमोर बसायचं, त्याचे दोन्ही हात धरायचे आणि श्वास बघायचा. कुणी कुणाची माफी मागितलीच पाहिजे असं नाही. राग गेलाच पाहिजे असंही नाही. काहींचा अबोला त्या दिवशी सुटतो, काहींना आणखी दोन-चार पौर्णिमा लागतात.

आणि मधाचे दिवस आले की पोळेवाडीत दोर धरणारा माणूस दोर कंबरेला गुंडाळतो, ‘थेरबा’ म्हणतो आणि एक लांब श्वास घेतो. काठावर उभा असलेला माणूस कान देऊन थांबतो. तो श्वास ऐकू आल्याशिवाय पोळेवाडीत आजवर कुणी पाय सोडलेला नाही, आणि त्या दिवसापासून तिथं एकाच्याही हातून दोर सुटलेला नाही.