गोजी मुंगीची इर्जिक

एक होती मुंगी. तिचं नाव गोजी. तिचं घर इवलंसं. घराचं दार त्याहून इवलंसं.

एकदा पिल्लांना घरात ठेवून गोजी दाणा आणायला गेली. तुरुतुरु गेली, तुरुतुरु आली. बघते तर काय? गडगड गडगड एक दगड आला आणि दारावर बसला.

"दगडा, दगडा, ऊठ!"
दगड काही उठला नाही. दगडच तो.

गोजी गेली बैलाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"बैलदादा, बैलदादा! दगड दार सोडेना. पिल्लं आत, मी बाहेर, भरवायचं कुणी? दगड हलव ना!"
बैल म्हणाला, "राजा हुकूम देईल, तर हलवीन."

गोजी गेली राजाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"राजेसाहेब, राजेसाहेब! बैल दगड हलवेना. दगड दार सोडेना. पिल्लं आत, मी बाहेर, भरवायचं कुणी? हुकूम द्या ना!"
राजा म्हणाला, "शिपाई डोळे वटारेल, तर हुकूम देईन. एरवी माझं ऐकतं कोण?"

गोजी गेली शिपायाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"शिपाईमामा, शिपाईमामा! राजा हुकूम देईना. बैल दगड हलवेना. दगड दार सोडेना. पिल्लं आत, मी बाहेर, भरवायचं कुणी? डोळे वटारा ना!"
शिपाई म्हणाला, "काठी रट्टा देईल, तर वटारीन. नुसत्या डोळ्यांना कोण भितं?"

गोजी गेली काठीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"काठीताई, काठीताई! शिपाई डोळे वटारेना. राजा हुकूम देईना. बैल दगड हलवेना. दगड दार सोडेना. पिल्लं आत, मी बाहेर, भरवायचं कुणी? एक रट्टा दे ना!"
काठी म्हणाली, "नाही गं बाई. रट्टा दिला की माझंच अंग दुखतं."
"मग तुला येतं तरी काय?"
"दगड उचकटायला येतं."
"येशील? पण हुकूम नाही हं."
"हाक मारलीस ना? मग झालं!"

"अगं, ही तर इर्जिक!" गोजी म्हणाली. "हाक मारायची. येईल तो येईल. काम झालं की सगळ्यांनी जेवायचं."

काठी निघाली. टक टक, टक टक.
काठी निघाली, म्हणून शिपाई निघाला. धप धप, धप धप.
शिपाई निघाला, म्हणून राजा निघाला. "एकटा बसून करू काय?"
बैलाने विचारलं, "हुकूम आहे का?"
"नाही. इर्जिक आहे," गोजी म्हणाली.
"मग आधी सांगायचं की!" बैल उठला.

गोजी गवतावर चढली. "मी हैय्या म्हटलं की जोर लावा. नाही लावला तरी चालेल."
"हैय्या!"
सगळ्यांनी लावला.

काठीने दगड उचकटला. शिपायाने काठी दाबली. राजाने ढकललं. बैलाने शिंग लावलं. गडगड गडगड, दगड गेला!

पिल्लं म्हणाली, "आई, एवढा उशीर?"
"हुकूम शोधत होते," गोजी म्हणाली. मग तिने पिल्लांना भरवलं.

सगळे जेवायला बसले. प्रत्येकाला ज्वारीचा एक दाणा. शिपायाचा दाणा मिशीत अडकला. काठी म्हणाली, "मला नको, माझं पोट भरलंय."
राजाने विचारलं, "आता हुकूम देऊ का?"
"कशाला?"
राजाने पुष्कळ विचार केला. मग म्हणाला, "काठीचा दाणा मला वाढ ना."
गोजीने वाढला.

दाणे संपले, गोष्ट संपली, दार उघडंच राहिलं.