भिवराबाईचं ओझं

गोदाकाठच्या निंबखळ गावी केवळनाथ महाराजांचा मुक्काम होता. रोज सकाळी मठात निरूपण चाले आणि भिवराबाई सुईण दाराशी येऊन बसे. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, पदरात आईवेगळी दोन नातवंडं, आणि कुणाची हाक केव्हा येईल याचा नेम नाही. ऐकता ऐकता बिचारीचा डोळा लागे.

एकदा त्र्यंबकशास्त्री सगळ्यांदेखत म्हणाले, "महाराज, हिला कसला परमार्थ? ही इथं झोप काढायला येते." लोक हसले. महाराज म्हणाले, "दमलेलं लेकरू आईच्याच मांडीवर झोपतं, शास्त्रीबुवा."

पुढे एका दुपारी भिवराबाई सखू कोळिणीच्या बाळंतपणात गुंतली होती. मूल पायाळू होतं. एवढ्यात शास्त्रीबुवांचा गडी धापा टाकत आला. त्यांच्या लेकीलाही कळा सुरू झाल्या होत्या आणि लक्षण बरं नव्हतं. इकडे घरी नवऱ्याला सकाळपासून कुणी पाणीही पाजलेलं नव्हतं. भिवराबाई अंगणात आली आणि मटकन खाली बसली.

दाराशी महाराज भिक्षेला उभे होते.

"महाराज, मी एकटी कुठं कुठं पुरू?" ती रडत म्हणाली.

महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सगळीकडे पुरायला तुला कुणी सांगितलं, बाळ? हात जिथं गुंतलाय तिथंच मन ठेव. बाकीचं माझ्याकडे दे."

डोळे पुसून ती आत गेली. दिवस कलता कलता सखूला मुलगा झाला. मग ती शास्त्रीबुवांच्या घरी धावली आणि दारातच म्हणाली, "उशीर झाला, माफी करा."

शास्त्रीबुवा बुचकळ्यात पडले. "अगं, आत्ताच तर नाळ कापून, नातीला माझ्या हातात देऊन गेलीस!"

"मी तर दुपारपासून सखूकडं होते."

दोघंही तसेच मठात गेले. महाराज नामस्मरण करत बसले होते. त्यांच्या धोतराच्या काठावर रक्ताचा ओला डाग होता. तो पाहताच शास्त्रीबुवांनी दंडवत घातला. "महाराज, मी हिला हसलो. क्षमा करा."

महाराज हसले. "शास्त्रीबुवा, हिच्या घरी नवरा अजून तहानलेला आहे. तेवढं ओझं तुम्ही उचला."

शास्त्रीबुवा उठले आणि भिवराबाईपुढे खाली वाकले. ती संकोचून मागे सरली, तोवर त्यांनी मठातली घागर खांद्यावर घेतली होती.