राजानं रिकामी धाडलेली वाटी

एकदा काय झालं, एका गावात एक वाटी होती आणि ती काही केल्या स्वस्थ बसेना. ए, पाय झाडू नकोस. वाटीची गोष्ट आहे, तुझी नाही.

वाटी होती पितळेची. आतून कल्हई, बुडाला पोचा. आणि ती होती येसूची. बाजारात येसूचं कापडाचं पाल होतं. तिथं ती गरम भाकरी आणि भाजी विकायची. भाजी घरामागच्या परड्यातली. वांगी, वालाच्या शेंगा, दोडके. दोडक्याच्या शिरासुद्धा ती फेकायची नाही, बरं का. तीळ घालून कुरकुरीत परतायची आणि त्यांची चटणी करायची.

येसू होती तरुण आणि तापट. कुणी म्हटलं, "पोरी, जरा दमानं," की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या बाजाराची एक रीत होती. कुणाकडून वाटी आली की ती रिकामी परत करायची नाही. येसूकडून वांग्याची भाजी गेली, की शेजारच्या भिवाआप्पांकडून मटकीची उसळ यायची. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालायची. पण रिकामी? छे! आणि वाटी फळीवर फार वेळ पडून राहिली, की टुणटुण वाजायला लागायची. म्हणजे काय? म्हणजे, चला, मला कुणाकडे तरी न्या.

मग एके दिवशी राजाची स्वारी बाजारातून निघाली. राजाच्या नाकात शिरला चटणीचा वास. राजा घोड्यावरून म्हणाला, "हे काय आहे ते वाड्यावर पाठवा." येसूनं वाटीत डाळदोडका घातला, वर चटणी ठेवली, आणि वाटी गेली वाड्यावर.

राजानं खाल्लं. बोटं चाटली. संध्याकाळी शिपाई वाटी परत घेऊन आला. घासलेली, पुसलेली, अगदी चकचकीत. आणि रिकामी.

वाटी फळीवर ठेवली मात्र, येसूची चूल भप्पकन विझली! मग भिवाआप्पांची विझली. मग बाजारातल्या सगळ्या चुली विझल्या. फुंकून फुंकून लोकांचे डोळे लाल झाले, पण ठिणगी धरेना. परड्यात दोडक्याची पिवळी फुलं टपाटप गळाली. आणि वाटी? टुणटुण, खणखण, ठणठण! कुणाला बसवेना, कुणाला निजवेना. पोरं भुकेली, माणसं चिडलेली. सगळा बाजार नुसता येरझाऱ्या घालत होता.

येसू म्हणाली, "राजाकडे जाते आणि वाटी भरून मागते."

भिवाआप्पा म्हणाले, "खुळी की काय तू? राजाकडं कुणी मागतं व्हय? त्यापेक्षा आपणच चिमूटभर साखर घालू, आणि म्हणू, राजानं दिली."

"आप्पा, वाटी फसायची नाही."

"चार पावसाळे जास्त पाहिलेत मी. आण ती साखर."

मोठी माणसं अशीच, बरं का. आप्पांनी वाटीत साखर घातली आणि हात जोडून म्हणाले, "ही राजाची हं." वाटीनं घेतली एक उडी, आणि सगळी साखर आप्पांच्या मिशांत! मग मुंग्या आल्या, आणि आप्पा नाचले. येसूला हसू आलं, पण पोटात भूक होती, त्यामुळे ते अर्ध्यातच संपलं. तिनं वाटी पदराखाली घेतली आणि ताडताड निघाली.

वाड्यात पाहते तर काय, राजा दरबारात गरागरा फिरतोय. जिलबी खातोय, फिरतोय. पुरणपोळी खातोय, फिरतोय. भूक जाईना आणि बूड टेकेना.

येसू म्हणाली, "महाराज, बसा जरा. बोलायचं आहे."

राजा ओरडला, "बसवलं असतं तर बसलो नसतो का मी!"

"बसवायचं नाहीच. तुम्ही वाटी रिकामी पाठवलीत."

प्रधानजी घाईघाईनं पुढं आले. "एवढंच ना? हे घे." आणि त्यांनी वाटीत ओतले मोती. वाटीनं घेतली उडी. मोती गेले घरंगळत सिंहासनाखाली, आणि प्रधानजी रांगत त्यांच्या मागं.

मग आलं मुदपाकखान्यातलं केशरी श्रीखंड. वाटीनं पुन्हा उडी घेतली. श्रीखंड गेलं प्रधानजींच्या पगडीवर.

राजा पाय आपटून म्हणाला, "हिला हवंय तरी काय? अख्खं राज्य माझं आहे!"

येसू म्हणाली, "राज्य तुमचं आहे हो. पण मोती काढले पाणबुड्यांनी आणि श्रीखंड केलं आचाऱ्यांनी. यात तुमच्या हातचं काय आहे?"

राजानं आपले हात पाहिले. उलटे पाहिले, सुलटे पाहिले. काहीच नव्हतं त्यांत.

मग येसूनं मेथीचे दाणे आणले. वाड्यामागं राजानं स्वतः माती भुसभुशीत केली, दाणे पेरले, पाणी शिंपडलं. पण भूक बसू देत होती का त्याला? सकाळी माती उकरून पाही, दाणा रुजला का? दुपारी उकरून पाही. संध्याकाळी पुन्हा. रुजणार कशी मेथी? दाणे पार वाळून गेले.

येसू अशी भडकली! "महाराज, तिकडं पोरं कच्च्या शेंगा चघळतायत, आणि तुम्ही माती उकरताय?" दुसरे दाणे पेरले. आता येसूच वाफ्याभोवती फिरू लागली. "ऊग ना गं बाई, ऊग! किती वेळ लावतेस!"

भिवाआप्पा आले होते मिशा झाडत. ते म्हणाले, "येसू, दाणा काय तुझ्या रागाला भिऊन उगवायचा नाही. बस खाली."

येसूला आणखीच राग आला. का? कारण आप्पांचं बरोबर होतं.

मग ती बसली. तिनं राजाचा एक हात धरला, आप्पांनी दुसरा धरला. राजाचे पाय थरथरत होते. येसूचेही थरथरत होते. पण मातीला कुणी हात लावला नाही. फक्त पाणी शिंपडायचं आणि वाट बघायची. फार अवघड काम, बरं का. करून बघा.

मग एका सकाळी माती जराशी फुगली. दोन इवलीशी पानं वर आली. मग शेजारी आणखी दोन. राजा श्वास रोखून पाहत राहिला. आपण केव्हाचे मांडी घालून बसलोय, हे त्याला कळलंसुद्धा नाही.

मेथी वाढली. राजानं ती खुडली, निवडली, आणि चुलीपुढं बसून स्वतः भाजी केली. लसूण करपली. मीठ दोनदा पडलं. ती काळपट भाजी त्यानं वाटीत घातली आणि भीत भीत येसूपुढं धरली.

सगळ्यांनी श्वास धरला. प्रधानजींनी पगडी धरली.

वाटी हलली नाही.

येसूनं एक घास घेतला. डोळे मिटले, तोंड वेडंवाकडं केलं. "महाराज, खारट झालीय. कडूही झालीय."

"मग?" राजा म्हणाला.

"मग काय? भाकरी लागेल जास्त." आणि तिनं दुसरा घास घेतला.

तिकडं बाजारात फुर्रकन चुली पेटल्या. तवे तापले, भाकऱ्या टम्म फुगल्या, पोरांनी फुंकर न घालताच खाल्ल्या. वेलावर पिवळी फुलं आली. आणि राजा? त्यानं येसूच्या पालात बसून एकच भाकरी खाल्ली, पोट भरल्याची ढेकर दिली, आणि तिथंच भिंतीसारख्या बसलेल्या आप्पांच्या खांद्यावर डोकं टेकून घोरायला लागला.

तेव्हापासून राजाच्या परसात मेथी आहे. ती त्याला अजून धड करता येत नाही. पण त्या गावात कुणी उपाशी निजत नाही.

आता डोळे मिटा. काय म्हणतोस? काहीतरी वाजतंय? अरे हो. शेजारच्या काकूंची वाटी राहिलीय फळीवर, काल कढी आली होती ना. सकाळी उठून तूच नेऊन दे. परड्यातल्या चार शेंगा घाल तिच्यात, तूच लावलेल्या. मग तीही गप्प बसेल.

नीज आता. तिला सांगितलंय मी, सकाळपर्यंत थांब म्हणून.