अण्णांचे पेव

कृष्णाकाठच्या एका व्यापारी गावात एकदा हळदीच्या एका आडत्याच्या मुलीला मोठा पेच पडला. तिचे नाव शिवलीला. वडील गेल्यावर आडत तिच्याकडे आली, तेव्हा गावाने हळूच हसून घेतले होते; पण हळदीचे कांडे मोडून त्याचा कस सांगायला ती शिकली आणि हसणारे गप्प झाले. तिला शिकवले ते वडिलांचे स्नेही असलेल्या एका वृद्ध व्यापाऱ्याने. सारे गाव त्यांना अण्णा म्हणे.

पेच होता दुकानातल्या संगणकाचा. पंचक्रोशीतले शेतकरी आपली हळद तिच्या गोदामात ठेवून निर्धास्त घरी जात. कुणाची पोती कुठल्या थप्पीला, कुणाची विकली, कुणाची भाव येईपर्यंत राखायची, हे सगळे वडिलांच्या काळी वडिलांच्या डोक्यात असे. आता ते संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि फक्त तिथेच होते. ते गेले तर गोदामातली हळद कुणाची हे सांगायला देवसुद्धा आला नसता, आणि वडिलांच्या नावावर विसंबून आलेली माणसे दारात भांडत उभी राहिली असती. तो संगणक आता म्हातारा झाला होता. मध्येच रुसून बंद पडे.

नवा हंगाम तोंडावर आला होता आणि निर्णय टाळून चालणार नव्हते. दुकानाचे जुने दिवाणजी म्हणत, नवे यंत्र घ्या, पण ते आपल्याच पेढीत, आपल्याच कुलपाखाली ठेवा. परक्याच्या घरी आपला सगळा व्यवहार कशाला? उद्या इंटरनेटची तार तुटली तर पोती मोजायची की आभाळाकडे बघायचे? एका कंपनीचा माणूस मात्र रोज येऊन क्लाउडचे गुण गात होता. यंत्र आमचे, देखभाल आमची, पूर आला तरी तुमच्या माहितीला पाण्याचा थेंब लागणार नाही, असे तो सांगे. पुराचे नाव काढले की शिवलीला हातातले काम ठेवून ऐके. दोघांचेही तिला पटे, आणि नेमके तेच दुखणे होते.

शेवटी ती अण्णांकडे गेली. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. संगणकाविषयी एक अक्षरही विचारले नाही. उद्या सकाळी दोन हमाल घेऊन मळ्यात ये, माझे पेव उघडायचे आहे, एवढेच म्हणाले.

शिवलीला चकित झाली. पेव म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खोल कोठार. वरून तोंड अरुंद, आत माणूस उभा राहील एवढे पोट. पूर्वी नदीकाठी अशी पुष्कळ पेवे होती. मोठ्या पुरात ती पाझरली, लोकांनी उघडून सडकी हळद उपसली, रडले आणि खड्डे बुजवले. अण्णांचे पेव जरा उंचवट्यावर होते. ते तेवढे वाचले, असे गाव अभिमानाने सांगे. पाहुणे आले की त्यांना लांबून ती जागा दाखवत. ते पेव अण्णांनी पुरानंतर आजवर उघडले नव्हते, आणि आता माझ्या संगणकापायी का उघडतात, हे काही तिला उमगेना. अण्णांचे वय झाले, असेही क्षणभर तिच्या मनात येऊन गेले आणि तिचे तिलाच वाईट वाटले.

सकाळी हमालांनी माती खरवडली आणि तोंडावरचा दगड बाजूला सारला. कुणी लगेच आत उतरले नाही. बंद पेवात कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते, म्हणून आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायची रीत. कंदील थोडा खाली गेला आणि विझला. मग सगळे आंब्याखाली जाऊन बसले. चहा झाला, हमालांच्या गप्पा झाल्या. अण्णा मात्र त्या काळ्या तोंडाकडे पाहत होते. पुन्हा कंदील सोडला, पुन्हा विझला. ऊन चढल्यावर मात्र तो खाली टेकला तरी जळत राहिला, तेव्हा एक हमाल आत उतरला आणि त्याने पाटी भरून वर पाठवली.

पाटी वर येण्याआधी वास आला. आतली कांडी काळी पडून एकमेकांना चिकटली होती. अण्णांनी त्यातले एक उचलून मोडले. आत पिवळेपणाचा मागमूस नव्हता. शिवलीलाला अण्णांच्या तोंडाकडे बघवेना. आपण उगाच आपले रडगाणे घेऊन यांच्याकडे गेलो, असे तिला झाले.

"अण्णा, तुम्हाला शंका होती?" तिने हळूच विचारले.

"होती की. म्हणूनच उघडलं नव्हतं."

त्यांनी हातातले कांडे पाटीत ठेवले आणि धोतराला हात पुसले.

"हे बघ पोरी, पेव माझं, रान माझं. कुणा परक्याचा हात लागला नाही. रोज ह्याच्यावरनं चालत होतो मी. पुरानंतर सगळ्यांनी आपापली पेवं उघडली, मी नाही. बंद होतं तोवर ते भरलेलं होतं, आणि गाव मला मान देत होतं. आता तू विचारतेस, माल जवळ ठेवू की लांब? जवळचाही सडतो, लांबचाही अडकतो. आधी हे विचार, की तो परत काढून कधी बघितलास? दिवाणजींना विचार, त्या कंपनीच्या माणसालाही विचार. कसं ठेवता ते सगळेच सांगतील. आज काढून देता का, एवढं बघ."

शिवलीला तडक दुकानात आली. तिथे एक रीत होती. दर लक्ष्मीपूजनाला दिवाणजी सगळ्या माहितीची प्रत एका छोट्या डिस्कवर घेत, डिस्कला हळदकुंकू वाहत, लाल कापडात बांधून तिजोरीत ठेवत. ते कापड पुढच्या लक्ष्मीपूजनापर्यंत कुणी सोडायचे नाही. बांधलेली लक्ष्मी मध्येच कशी उघडायची, असे दिवाणजी म्हणत आणि सगळ्यांना ते पटे. दुकानातला संगणक गेलाच तर ह्या डिस्कवर सारी भिस्त होती.

तिने ते कापड सोडले. दिवाणजी कासावीस झाले, पण त्यांनी अडवले नाही. तिने घरचा लॅपटॉप आणून डिस्क त्याला जोडली. पडद्यावर सॉफ्टवेअरचे ओळखीचे चित्र उमटले आणि दिवाणजींचा चेहरा उजळला. तिने ते चित्र दाबले. आत काही सापडत नाही, असा निरोप आला. तिने पुन्हा दाबले, पुन्हा तेच. दिवाणजी वर्षानुवर्षे संगणकाच्या पडद्यावरचे ते चित्रच तेवढे उचलून डिस्कवर ठेवत आले होते. माहितीचा एक कणही तिथे कधी गेला नव्हता. म्हणजे इतकी वर्षे सगळ्या शेतकऱ्यांची हळद त्या रुसक्या, म्हाताऱ्या यंत्राच्या एका श्वासावर उभी होती.

दिवाणजी ते लाल कापड हातात घेऊन खाली बसले. "अक्का, मी मनापासून करत होतो हो," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

शिवलीला त्यांच्याजवळ बसली. "दिवाणजी, तुम्ही बांधत होता तेव्हा मीही शेजारी हात जोडून उभी होते. उघडून बघू या, असं मीही कधी म्हटलं नाही."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. तिने जुन्या यंत्रातली थोडी माहिती त्याला दिली आणि ती परत मागितली. तीही अशी, की तुमच्या कंपनीच्या मदतीवाचून माझ्या लॅपटॉपवर उघडली पाहिजे. तो गडबडला. घालायचे कसे ते सगळे विचारतात, काढायचे कसे हे आजवर कुणी विचारले नव्हते. बिचाऱ्याने प्रामाणिकपणे तसे कबूल केले आणि आपल्या कचेरीत विचारून चार दिवसांनी परत आला. माहिती काढून दिली. ती उघडली. मग तिने होकार दिला, पूर येणाऱ्या नदीकाठी राहणाऱ्याने यंत्र लांबच ठेवावे म्हणून. काढून देता आले नसते, तर तिने दिवाणजींच्या म्हणण्याप्रमाणे नवे यंत्र घेऊन वरच्या माळ्यावर बसवले असते, आणि तेही चुकले नसते.

तेव्हापासून दर अमावास्येला, बाजार बंद असतो त्या दिवशी, दिवाणजी सगळी माहिती लॅपटॉपवर उतरवून घेतात. इंटरनेट बंद करतात आणि कुणाही एका शेतकऱ्याचे नाव घालून त्याची पोती कुठल्या थप्पीला आहेत ते मोठ्याने वाचतात. मग गोदामात जाऊन ती पाहूनही येतात. त्या दिवशी अण्णा येऊन गादीवर बसतात आणि डोळे मिटून ऐकतात. त्यांनी आपले पेव बुजवून टाकले आहे. आता पाहुण्यांना दाखवायला गावाकडे काही नाही.

लक्ष्मीपूजन आले. तबकात लाल कापड होते, डिस्क होती, हळदकुंकू होते. शिवलीलाने हात जोडले. पण दिवाणजी थांबले. त्यांनी आधी लॅपटॉप मागवला, डिस्क जोडली, एक नाव वाचून दाखवले, आणि मगच डिस्कला हळद वाहिली. अण्णांनी वाकून तबकातली चिमूटभर हळद बोटांत चोळली, तिचा पिवळाजर्द रंग पाहिला आणि कपाळाला लावली.