गडग्यातला हात

टक्. टक्. टक्.

चकमकीवर पोलाद आपटल्याचा हा आवाज मी लहानपणी ऐकलेला आहे. आमच्या घरात काडेपेटी होती, तरी माझा बाप वर्षातून एकदा, श्रावणात, माळ्यावरची जुनी चकमक काढायचा आणि गडग्याशी बसून वाजवायचा. ठिणगी पडायची, पण कापूस पेट घ्यायचा नाही, कारण तो त्यानं मुद्दाम ओला केलेला असायचा. मग तो आम्हांला जवळ बसवून आवडाकाकीची गोष्ट सांगायचा. त्यानं सांगितली तशीच मी सांगतो.

माझ्या पणज्यानंही ती ऐकलेलीच, पाहिलेली नाही. इतकी मागची. तेव्हा कातळवाडी वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे होती आणि पलीकडे दोनच घरं. एक आवडाकाकीचं, एक धाकबाचं. मध्ये दगडावर दगड रचलेला गडगा.

आवडाकाकी एकटी राहायची. तिच्या चुलीतला विस्तव तिच्या सासूच्या सासूनं पेटवला होता आणि तेव्हापासून विझलाच नव्हता, असं म्हणतात. निजताना ती निखाऱ्यांवर राख ओढायची, पहाटे राख सारून फुंकर घालायची. वाडीतल्या बाया करवंटी घेऊन यायच्या आणि दोन निखारे घेऊन जायच्या. काकी कुणाला नाही म्हणाली नाही.

धाकबा मात्र कधी आला नाही. तो आपली चकमक वाजवायचा. माणूस कष्टाळू, पण त्याचं कुणाशी पटायचं नाही. घरातला केर तो गडग्यावरून काकीच्या अंगणात टाकायचा. तिच्या भोपळ्याचा वेल गडग्यावर चढला, तर त्यानं तो मुळापासून कापला. एका पावसाळ्यात त्यानं चर खणून आपल्या परसातलं पाणी तिच्या पडवीत सोडलं. काकी कुदळ घेऊन आली, त्याच्या डोळ्यांदेखत तिनं चर बुजवला आणि म्हणाली, "भावजी, मी भांडत नाही. पण भिजत पण नाही."

बायांना हे कळलं तेव्हा त्या खूप हसल्या. एक म्हणाली, "काकी, त्याच्या केरात एकदा निखारा टाकून बघा की!"

काकी म्हणाली, "निखारा चुलीत घालायचा असतो गं."

ते हसणं धाकबाला लागलं. काकीच्या चुलीचा धूरसुद्धा दिसू नये म्हणून तो गडगा उंच करायला लागला. काकी पलीकडून बघत होती. ती म्हणाली, "करा उंच, भावजी. एक दगड तेवढा सैल ठेवा. कधी कुणाला हात घालावा लागला तर."

"हात?" धाकबा ओरडला. "माझ्या गडग्यात तुझा हात आला ना आवडे, तर कोयत्यानं उतरवीन!"

वाडीला माहीत होतं, हा माणूस बोललेलं करतो.

त्यानंतरच्या श्रावणात झड लागली. सहा दिवस पाऊस थांबला नाही. वहाळ इतका फुगला की वाडीतलं माणूस पलीकडे जाईना. त्यातच धाकबाची सून सगुणा बाळंत झाली. पोर जन्मलं, पण रडलं नाही. अंग गार, ओठ निळे. त्याला शेकायला हवं होतं, आणि घरात विस्तव नव्हता. चकमकीचा कापूस ओला झाला होता.

टक्. टक्. टक्.

काकीनं तो आवाज दुपारपासून ऐकला. तिला कळलं, हा कापूस पेटणार नाही. ती गडग्याशी गेली. "भावजी, विस्तव देऊ का?"

आवाज थांबला. आतून धाकबाची बायको म्हणाली, "अहो, हो म्हणा ना!"

"त्या घरचा विस्तव माझ्या घरात येणार नाही."

टक्. टक्.

दिवेलागण झाली. दिवेलागणीनंतर विस्तव घराबाहेर देत नाहीत, दिला तर घराचं बरं होत नाही, असं तेव्हा मानत. काकीचं छपरही गळत होतं, आणि चुलीत जिवंत निखारा एकच उरला होता. तो दिला की सासूच्या सासूचा विस्तव संपला. काकी चुलीपुढे बसून राहिली. तेवढ्यात पलीकडचा आवाज बंद पडला आणि सगुणाचा हुंदका ऐकू आला.

काकी उठली. करवंट्या ओल्या झाल्या होत्या, ओल्या करवंटीत निखारा मरतो. तिनं तळहातावर राख पसरली, राखेवर निखारा ठेवला आणि गडग्याशी आली. दुसऱ्या हातानं ती दगड चाचपत गेली. छातीच्या उंचीवरचा एक दगड हलला आणि निघून आला. तो पावसानं सैल झाला होता, की धाकबानंच सैल ठेवला होता, हे माझ्या बापालाही माहीत नव्हतं.

तिनं हात आत घातला.

पलीकडे धाकबा कोयता घेऊन उभा होता. सुका गाभा मिळेल म्हणून तो ओलं लाकूड फोडत होता. गडग्यातून हात आलेला त्यानं पाहिला. तो जवळ आला. कोयता वर झाला. पाऊस त्या हाताच्या दोन्ही बाजूंना पडत राहिला, निखाऱ्यावर एक थेंब आला नाही, असं म्हणतात.

गडग्यामागून काकी हळूच म्हणाली, "भावजी, घ्या. माझा हात भाजतोय आणि तुमचं पोर गारठतंय. भांडण उद्या करू."

कोयता चिखलात पडला. धाकबानं निखारा आपल्या उघड्या तळहातावर घेतला आणि घरात धावला. थोड्या वेळानं त्या पोरानं असा टाहो फोडला की वहाळाच्या आवाजातूनही तो वाडीला ऐकू गेला, असं म्हणतात.

काकीची चूल त्या दिवशी पहिल्यांदा विझली. सकाळी ती राख उकरत होती, तर गडग्याशी काहीतरी वाजलं. दगडाच्या भोकात करवंटी होती, काठोकाठ लाल निखाऱ्यांनी भरलेली. तिनं वाकून पाहिलं. धाकबाची पाठ दिसली.

तो सुधारला का? तिसऱ्या दिवशी अंगणात केर होताच. काकी तो परत फेकायची. पण तो दगड त्यानं पुन्हा बसवला नाही.

म्हणून आमच्या वाडीत आजही नवा गडगा रचताना छातीच्या उंचीवर एका दगडाची जागा मोकळी सोडतात. तिला काकीचा हात म्हणतात. श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी, दिवेलागणीनंतर, ज्या शेजाऱ्याशी आपलं बोलणं नाही त्याच्यासाठी तिथे करवंटीत निखारा ठेवायचा. त्यानं नेला तर नेला. नेताना आभार नाहीत, माफी नाही, एक शब्दही नाही.

यंदा मीही ठेवला. फणसाच्या एका फांदीवरून पलीकडच्या अनाजीचं आणि माझं तीन वर्षं बोलणं नाही. मी थांबलो. निखारा राखाडी व्हायला लागला, तशी मी फुंकर घातली. पुन्हा राखाडी झाला, पुन्हा घातली. मग पलीकडे वहाणा वाजल्या. भोकातून हात आला, करवंटी उचलली गेली. अनाजी क्षणभर तिथेच उभा राहिला, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग वहाणा त्याच्या घराकडे वाजत गेल्या.