बाईसाहेबांचा पार्ट

"मग चुकतं कुठे, तेवढं तरी सांगा," उत्तरा म्हणाली.

दाजी गवाणकर सुपारी कातरत राहिले.

उत्तरा टिळेकर म्हणजे मिरजेतली नावाजलेली नटी. पदकं कपाटात मावत नाहीत, आणि हे चारचौघांत सांगायला बाई लाजत नाही. का लाजावं? कमावलंय तिनं. आता तिच्या नाटक मंडळीनं स्पर्धेसाठी एक जुनं नाटक काढलं होतं. इनामदाराचा मुलगा घरच्या मोलकरणीला, रखमाला, नादी लावतो. तिला दिवस जातात. मुलाची आई, थोरल्या बाईसाहेब, लेकाला पदराआड घेते आणि रखमालाच घराबाहेर काढते.

या बाईसाहेबांचा पार्ट दाजींनी तरुणपणी लुगडं नेसून असा गाजवला होता, की पुढे रीतच पडून गेली. दाजींनी 'पार्ट दिला' म्हटल्याशिवाय तो कुणी करायचा नाही. "मला नाही म्हणतील होय दाजी?" असं उत्तरा तालमीत सगळ्यांसमोर बोलून बसली होती. प्रयोग परवावर आला होता, आणि दाजी नाही म्हणत होते.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

उत्तरानं पदर खोचला. हात दाराकडे केला.

"चालती हो! माझ्या उंबऱ्यावर तुझी सावलीसुद्धा नको!"

शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं, असा आवाज लागला.

"टाळी पडंल," दाजी म्हणाले.

"पडतेच. कडाडून."

"कशाला वाजवतात?"

"बाईसाहेबांचा संताप येतो म्हणून. बायका दातओठ खातात. एका बाईनं दुसरीवर असा अन्याय करावा याची मलाच चीड आहे, दाजी. ती दिसायला नको?"

"दिसते की. मग ती माणसं घरी जाऊन काय करतात?"

"काय करतात म्हणजे?"

"निवांत झोपतात. असली राक्षसीण त्यांच्या घरात कुठं असते?"

उत्तराच्या नाकाचा शेंडा लाल झाला. एवढी वर्षं रंगभूमीवर घालवली ती हे ऐकायला? पण उठून गेली असती तर पार्टही गेला असता.

"ओरडू नकोस," दाजी म्हणाले. "नाटकातलं वाक्य सोड. तू चांगली बाई आहेस. गावात तुझं नाव आहे. एक पोरगी दारातून घालवायचीय, आणि तुझ्या चांगुलपणाला डाग लागता कामा नये. कसं सांगशील? बस खाली. तिला जवळ घे."

यात काय अवघड होतं? उत्तरा बसली. समोर कुणी आहे असं मानून तिनं हात पुढे केला. आवाज आपोआप मऊ झाला.

"हे बघ बाळ... माझं काही नाही गं. मला तू आवडतेस. पण चार लोक नावं ठेवतात, त्यांना मी काय सांगू? तुझ्याच भल्यासाठी म्हणते. थोडे दिवस घरी थांब. ते पानी, लोनी, कोन... जिभेला जरा वळण लागलं की ये परत. मी आहेच ना..."

दाजींचा अडकित्ता थांबला.

"वा," ते म्हणाले. "आत्ता खरं झालं."

उत्तरा खुलली.

"फक्त... रखमा कुठं पानी म्हणते? नाटककारानं तिला भटजीसारखं शुद्ध बोलायला लावलंय."

उत्तरानं पुढे केलेला हात मागे घेतला.

रखमाचं काम आधी जाई करत होती. भाजीबाजारात बसणाऱ्या बाईची मुलगी, कामाला चोख, पण 'ण'चा 'न' व्हायचा. परीक्षकांना खटकेल म्हणून उत्तरानंच तिला काढलं. ओरडून नव्हे हो, छे. चहा पाजून, पाठीवरून हात फिरवून. जाताना जाई पाया पडली होती, आणि घरी परतताना उत्तराला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता.

आता तिची कानशिलं तापली होती. लाज वाटत होती, आणि लाज वाटण्याची तिला सवय नव्हती.

"जाईला आजच बोलावते," ती शेवटी म्हणाली. "आमची रखमा पानीच म्हणेल. परीक्षकांना काय वाटायचं ते वाटू दे."

दाजींनी मान डोलावली.

उत्तरा उठली. पदर सारखा केला. मान पुन्हा पहिल्यासारखी ताठ झाली.

"मग... आता तरी पार्ट दिलात ना, दाजी?"

दाजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"मी काय देणार, पोरी? तो तुझ्याकडं होताच."