परत सांग

"भन्ते, त्याला का नेताय?"

भन्ते सुमेधांनी कानामागे हात धरला. "समजलं नाही. परत सांग."

काश्यपला नवल वाटलं. टेकडीखालून एसटी गेली, तर ती कुठल्या गावची हे या म्हाताऱ्याला हॉर्नवरून कळायचं.

परदेशातल्या प्रवचनांना दुभाष्या म्हणून भद्दिय जाणार, हे विहारात सकाळीच ठरलं होतं. तेव्हापासून काश्यपच्या पोटात दुखत होतं. सोळा वर्षं भन्तेंचं इंग्रजी तोच बोलत आला होता. भद्दिय तर चीवर घेण्याआधी डेपोत टायर बदलायचा.

"कालचंच घ्या," काश्यप म्हणाला. "त्या परदेशी बाईंचा मुलगा गेलाय. त्यांनी विचारलं, मीच कशी मागे राहिले? शब्द होता 'हाऊ कम', 'व्हाय' नव्हे. 'व्हाय' नुसतं कारण मागतो. 'हाऊ कम'मध्ये नवल असतं, असं व्हायला नको होतं ही कुरकुर असते. मी एका वाक्यात तुम्हाला हे सांगून मोकळा झालो."

"आणि भद्दिय?"

"तोही तिथंच होता, पण त्याला कळलंच नाही. 'सॉरी, अगेन' म्हणाला. एकदा नाही, तीनदा."

"मग?"

"मग..." काश्यप अडखळला. "तिसऱ्यांदा बाई सगळंच बोलल्या. खूप रडल्या. जाताना त्याला वंदन करून गेल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

भन्तेंचा हात अजून कानामागेच होता. "तू मघाशी काहीतरी विचारत होतास."

"त्याला का नेताय?"

"हे 'व्हाय', की 'हाऊ कम'?"

काश्यपला कारण नकोच होतं. भन्तेंनी कुठलंही दिलं असतं, तरी त्याला ते पटलं नसतं.

"हाऊ कम," तो पुटपुटला.

"समजलं नाही. परत सांग."

आता मात्र काश्यपचा तोल गेला. "काय समजायचंय त्यात? मी जळतो, भन्ते. तो तुमच्याशेजारी बसला की मला बघवत नाही. सोळा वर्षं ती जागा माझी होती. आता मी कुठे बसू..."

पुढचे शब्द त्याला मराठीत सापडले नाहीत, इंग्रजीतही नाहीत. त्यानं चीवराच्या टोकानं डोळे पुसले.

...

भन्तेंनी कानामागचा हात खाली घेतला.

"आता ऐकू आलं."